मोडी कुठे, बाळबोध कुठे: एकाच मराठीच्या दोन लिखावटींची पार्श्वभूमी

२०२३ मध्ये मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि जिल्ह्याजिल्ह्यात एकदम मोडी लिपी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. कोतवाल बुकं, जन्म-मृत्यूची रजिस्टरं, जमिनीचे जुने कागद, मराठवाड्यात तर त्यात उर्दूचीही भर. कागद आपल्याच गावचा, भाषा मराठी, नाव कदाचित आपल्याच पणजोबाचं, आणि एक ओळ वाचता येत नाही. त्यानंतर व्हॉट्सअॅपवर मोडीबद्दल जे काय काय फिरायला लागलं, म्हणजे ही मावळ्यांची गुप्तलिपी होती, हेमाडपंताने लंकेहून आणली, इंग्रजांनी ठरवून मारली, त्यातलं बरंचसं सोडून द्यायच्या लायकीचं आहे. हेमाडपंत देवगिरीच्या यादवांचा मोठा अधिकारी होता, तेराव्या शतकातला, दफ्तराच्या कामाशी त्याचं नाव जोडलं जाणं समजू शकतं, पण लंकेची गोष्ट ऐकीवच आहे.

आणि गुप्त कसली, गावचा कुलकर्णी मोडी लिहायचा, सावकार लिहायचा, दुकानदार वही मोडीत ठेवायचा. खरंच लपवायचं होतं तेव्हा मराठीत वेगळी सोय झालेली होती, महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले आणि ते बाहेरच्यांना वाचता यायला विसावं शतक उजाडलं.

मोडी आणि बाळबोध, म्हणजे आपली नेहमीची देवनागरी, यांच्यात जुनी-नवी किंवा अडाणी-शहाणी असा फरक नव्हता हे आधी लक्षात घ्यायला हवं. दोन्ही शेकडो वर्षं शेजारी शेजारी नांदल्या, कामं वाटून घेऊन. ज्या कागदाने काम उरकायचं आहे तो मोडीत, म्हणजे हुकूम, पत्र, हिशेब, गहाणखत, जबानी, करीना (वादाची हकिकत), महजर (पंचांचा निवाडा), सगळं. आणि जे पुन्हा पुन्हा वाचलं जाणार, चार लोकांपुढे मोठ्याने वाचलं जाणार, अनोळखी माणसाच्या हातात पडणार ते बाळबोधीत, म्हणजे पोथी, स्तोत्र, शिलालेख. वाटणी अगदी पक्की होती असं नाही, मोडीत उतरवलेले ग्रंथही सापडतात, पण साधारण रीत ही.

याचा सगळ्यात छान नमुना एकाच कागदावर बघायला मिळतो. शिवाजी महाराजांचं १६४६ चं रांझ्याच्या पाटलाबद्दलचं पत्र घ्या, मजकूर मोडीत, आणि डोक्यावरची मुद्रा, प्रतिपच्चंद्रलेखेव वाली, संस्कृत आणि देवनागरीत. मजकूर कारकुनाने बसल्या बैठकीत लिहायचा होता, मुद्रा एकदा कोरायची आणि कायमची वापरायची होती. तंजावरला तेच मोठ्या मापात दिसतं. भोसल्यांच्या दरबाराचे मोडी कागद तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात ढिगाने आहेत, पण १८०३ मध्ये सरफोजी राजांनी बृहदीश्वराच्या देवळात घराण्याचा इतिहास दगडावर कोरून घेतला तो मराठीत आणि देवनागरीत. इतका लांबलचक मराठी शिलालेख, आणि तोही तमिळ मुलखात!

मोडीचा सगळा जीव वेगात आहे. आधी पानभर आडव्या रेघा मारून घ्यायच्या आणि मग त्या रेघांना अक्षरं लटकवत जायची, हात उचलायचा नाही, दोन शब्दांत जागा सोडायची नाही, विरामचिन्हं नाहीत, ह्रस्व-दीर्घाची भानगड नाही, एकच वेलांटी आणि एकच उकार. (शुद्धलेखनात मार्क गेलेल्या मंडळींना हे ऐकून बरं वाटेल.) शिवाय संक्षेप, राजश्री पूर्ण कोण लिहीत बसणार म्हणून नुसतं रा॥, पाव-अर्धा-पाऊण दाखवायला उभ्या रेघा, मुसलमानी तारखेच्या आधी नुसता छ. वाचणाऱ्याला संदर्भ माहीत आहे हे गृहीत धरलेलं असतं, आणि पत्र ज्याला जायचं त्याचा कारकूनही याच तालमीत तयार झालेला, त्यामुळे ते चालून जायचं. तीनशे वर्षांनी संदर्भ गेला की तोच कागद कोडं होऊन बसतो.

पण म्हणून मोडीतलं लिखाण ढिसाळ होतं असं समजू नका. मायन्याचे नियम फार कडक. वडिलांना तीर्थरूप, मुलाला चिरंजीव, सरदाराला अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य राजश्री, मायना चुकला म्हणजे माणसाचा मान चुकला. शेवट करायचाही दर्जा बघून, खालच्याला जाणिजे, वरच्याला हे विनंती. आणि मजकूर संपला तिथे मर्यादेयं विराजते किंवा लेखनसीमा अशी छोटी मोर्तब, शेवटाचा शिक्का, म्हणजे खाली कुणी चार ओळी घुसडू नयेत.

बाळबोधीचा आग्रह काय होता ते समर्थांनी दासबोधात लिहून ठेवलंय, एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास अख्खा लेखनावर आहे आणि तो मला फार आवडतो, कारण त्यात अध्यात्म जवळपास नाहीच, सगळं वर्कशॉपमधलं ज्ञान आहे. अक्षर वाटोळं, सरळ, मोकळं हवं. पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत एकाच टाकाने लिहिल्यासारखं वाटलं पाहिजे. तरुणपणी फार बारीक लिहाल तर म्हातारपणी तेच तुम्हाला वाचता येणार नाही, म्हणून मध्यम लिहा. पानाच्या कडेने जागा सोडा, म्हणजे कागद झडला तरी अक्षर झडणार नाही. इथे घाई कुठेच नाही, पुढच्या वाचणाऱ्याचा विचार आहे. मोडी लिहिणाऱ्याला हे सगळं करायला वेळच नव्हता, त्याचं पत्र नेणारा जासूद दारात उभा.

ही वाटणी मोडली ती छापखान्याने. आधी वाटलं होतं मोडीही छापता येईल, बंगालमधल्या सेरामपूरला मिशनरी विल्यम कॅरीने १८१० मध्ये मराठी कोश काढला तो चक्क मोडी टाइपात. पण छपाईच्या खिळ्यांत वेगाचा काय उपयोग? हात न उचलता लिहिता येतं हा मोडीचा मोठा गुण, आणि छापखान्यात तर प्रत्येक अक्षर सुटं उचलूनच लावायचं असतं. मग जी स्वच्छ वाचता येते तीच लिपी छापायला बरी. मोल्सवर्थचा कोश १८३१, जांभेकरांचं दर्पण १८३२, दोन्ही बाळबोध. शिळाप्रेसवर, म्हणजे दगडावरून छापून, मोडी पुस्तकं निघत राहिली, शाळेत मोडी शिकवलीही जात होती, पण वाचायचं म्हणजे बाळबोध आणि लिहायचं म्हणजे मोडी अशी नवीनच फाळणी झाली.

१९१७ मध्ये मुंबई सरकारने कारभाराला मोडीऐवजी बाळबोध घ्यायचं ठरवलं. म्हणून इंग्रजांनी मारली हे अर्धंच खरं, त्याआधी ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं आपलेच छापखाने आणि आपलीच वर्तमानपत्रं बाळबोधीच्या बाजूने गेलेली होती, आणि पुढे देवनागरी टाइपरायटर आल्यावर कचेरीत झरझर हाताने लिहिण्याची गरजच संपत गेली. घरातल्या मोठ्या माणसांची पत्रं, सावकारी वह्या मात्र १९४० च्या दशकापर्यंत मोडीत चालू होत्या.

आता गंमत अशी, की यामुळे मराठीचं जे ठरवून जपलेलं लिखाण होतं ते वाचता येत राहिलं आणि जे रोजच्या व्यवहाराचं होतं, ज्यात सामान्य माणसाचं नाव सापडतं, ते कुलूपबंद झालं. इतिहासकार राजवाड्यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे खंड काढले, सरदेसायांनी पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड १९३० च्या दशकात छापले, पण ती निवड राजकारणाची, लढायांची. गावचा फेरफार कोण छापणार?

युनिकोडमध्ये मोडी २०१४ साली आली, फॉन्ट आहेत, पुराभिलेख खात्याचे वर्ग चालतात, ऑनलाइन क्लासेस तर भरपूर. शिकणारे बहुतेक जण शिवकाल-पेशवाईच्या पत्रांवर हात बसवतात, कारण छापलेले नमुने तिथलेच मिळतात. नोंदी शोधताना मात्र एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडचा कुठल्यातरी तलाठ्याचा किंवा कुलकर्ण्याचा हात समोर येतो, प्रत्येकाचा वळसा वेगळा, आणि तिथे क्लासमध्ये शिकलेलं निम्मं पुन्हा शिकावं लागतं.