डिबगरमध्ये दिसणारी रजिस्टर्स प्रोसेसरमध्ये नसतातच

जीडीबीत, म्हणजे प्रोग्रॅम थांबवून आत डोकावायला वापरतात त्या डिबगरमध्ये, चालू प्रोग्रॅम मधेच थांबवला आणि इन्फो रजिस्टर्स टाईप केलं की समोर लांबलचक यादी येते, आरएएक्स, आरबीएक्स, आरआयपी वगैरे, आणि प्रत्येकापुढे एक आकडा. बघणाऱ्याला वाटतं हे आकडे आत्ताच प्रोसेसरमधून उचलून आणलेत. तसं काही नसतं. तुम्ही यादी बघताय तेव्हा थांबवलेला प्रोग्रॅम प्रोसेसरवर नाहीच्चे, तिथे जीडीबी किंवा दुसरंच काहीतरी चालू आहे आणि रजिस्टर्समध्ये त्याचे आकडे आहेत. तुमच्या प्रोग्रॅमची रजिस्टर्स मेमरीत पडलीयेत, आणि ती कुठे ठेवायची, कुठल्या क्रमाने, त्यातलं तुम्हाला काय दाखवायचं आणि काय लपवायचं हे सगळं कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, ठरवतं.

रजिस्टर म्हणजे प्रोसेसरच्या आतली आकडा ठेवायची इवलीशी जागा. आपण इथे ६४ बिटच्या इंटेल किंवा एएमडी मशीनवरचं लिनक्स धरू, तिथे सर्वसाधारण वापराची १६ रजिस्टर्स असतात, शिवाय पुढची सूचना कुठून उचलायची ते सांगणारं आरआयपी, आणि फ्लॅग्ज, म्हणजे प्रोसेसरची स्थिती सांगणाऱ्या बिट्सचं रजिस्टर. कोअर एक, प्रोग्रॅम ढीगभर, म्हणजे हीच रजिस्टर्स सगळ्यांनी आळीपाळीने वापरायची. एकाच बुद्धिबळाच्या पटावर बरेच डाव खेळायचे असतील तर उठताना कुठली सोंगटी कुठल्या घरात होती ते कागदावर लिहून ठेवावं लागतं, तसंच हे, आणि डिबगर जे वाचतो तो हा कागद. त्याने कागदावरचा आकडा खोडून दुसरा लिहिला तर पुढच्या वेळी डाव त्या नव्या आकड्यावरूनच सुरू होणार, डिबगरमधून रजिस्टर बदलायचं म्हणजे एवढंच.

या कागदाला कर्नलमध्ये पीटी_रेग्ज म्हणतात. प्रत्येक थ्रेडला, म्हणजे प्रोग्रॅमच्या चालू धाग्याला, कर्नलच्या आत स्वतःचा वेगळा स्टॅक, म्हणजे तात्पुरत्या नोंदींची मेमरी, असतो, साधारण १६ केबीचा, आणि त्याच्या अगदी वरच्या टोकाला हे स्ट्रक्चर बसतं, जागा ठरलेली, त्यामुळे कुठल्याही थांबलेल्या थ्रेडची रजिस्टर्स शोधायला कर्नलला फार धावपळ करावी लागत नाही. आत २१ खाने, प्रत्येक ८ बाइट्सचा, एकूण १६८ बाइट्स. इंटरप्ट, म्हणजे चालू काम मधेच थांबवणारा इशारा, आला की आरआयपी, फ्लॅग्ज, स्टॅक पॉइंटर आणि दोन सेगमेंट रजिस्टर्स असे पाच आकडे प्रोसेसर स्वतःच स्टॅकवर टाकतो, बाकीचे कर्नलचा असेंब्ली कोड टाकतो. पण प्रोग्रॅमने सिस्कॉल सूचना चालवून कर्नलला हाक मारली असेल तर प्रोसेसर स्टॅकला हातही लावत नाही, फक्त परतीचा पत्ता आरसीएक्समध्ये आणि फ्लॅग्ज आर११ मध्ये टाकून मोकळा होतो, मग कर्नलला ते पाच खाने हाताने भरावे लागतात. यात आरसीएक्स आणि आर११ मधले आधीचे आकडे कायमचे जातात, सिस्कॉलनंतर या दोघांत भलतंच काहीतरी दिसलं तर घाबरायचं कारण नाही.

आता २१ खान्यांतला एक खाना असा आहे की त्या नावाचं रजिस्टर प्रोसेसरमध्ये अस्तित्वातच नाही, ओरिग_एएक्स. मला विचाराल तर अख्ख्या स्ट्रक्चरमधली सगळ्यात मजेशीर गोष्ट हीच. झालंय असं की प्रोग्रॅम सिस्कॉलचा नंबर आरएएक्समध्ये ठेवून येतो आणि उत्तरही आरएएक्समध्येच घेऊन जातो, म्हणजे उत्तर लिहिलं की कोणता सिस्कॉल होता ते पुसलं जाणार. म्हणून कर्नल नंबर आधीच बाजूला लिहून ठेवतं.

हे प्रत्यक्ष बघायचं तर टर्मिनलवर इनपुटची वाट बघत बसलेल्या प्रोग्रॅमला जीडीबी जोडा. आरएएक्समध्ये चक्क उणे ५१२ दिसेल, आणि ओरिग_आरएएक्स (ओरिग_एएक्सचंच जीडीबीतलं नाव) वेगळं विचारलं तर ०, जो रीड या सिस्कॉलचा नंबर आहे. उणे ५१२ हा कर्नलचा आतल्या आत वापरायचा एरर कोड, अर्थ असा की सिस्कॉल अर्धवट राहिलाय, जमलं तर परत चालवा. प्रोग्रॅमला हा आकडा कधीच दिसत नाही, डिबगरला मात्र दिसतो कारण त्याने अगदी अवघडलेल्या क्षणी आत डोकावलंय. प्रोग्रॅम पुन्हा सुरू करताना कर्नल काय करतं, तर ओरिग_एएक्स उचलून आरएएक्सच्या खान्यात परत ठेवतं आणि आरआयपी २ ने मागे घेतं, कारण सिस्कॉल सूचना बरोब्बर २ बाइट्सची असते, म्हणजे तीच सूचना परत चालते. पण समजा याच वेळी तुम्ही जीडीबीला सांगितलं की या प्रोग्रॅममधलं अमुक फंक्शन चालवून दाखव, तर जीडीबी आरआयपीमध्ये त्या फंक्शनचा पत्ता लिहिणार, आणि कर्नलला त्याचं काय, ते नेहमीच्या सवयीने २ वजा करणार, की आपण फंक्शनच्या २ बाइट्स अलीकडे कुठेतरी भलत्याच ठिकाणी! म्हणून जीडीबी आरआयपी बदलतानाच ओरिग_आरएएक्समध्ये उणे १ लिहून टाकतो, म्हणजे कर्नलला कळतं की इथे कुठला सिस्कॉल परत चालवायचा नाहीये.

डिबगरच्या हातात मात्र हे पीटी_रेग्ज जसंच्या तसं पडत नाही. पीट्रेस नावाच्या सिस्कॉलमधून त्याला मिळतं ते वेगळं स्ट्रक्चर, २७ खान्यांचं, २१६ बाइट्सचं, त्यातले काही आकडे स्टॅकवरून येतात आणि एफएस, जीएस या सेगमेंट रजिस्टर्सचे बेस पत्ते वगैरे थ्रेडच्या दुसऱ्या नोंदींमधून. आणि देताना कर्नल साफसफाई करतं. एक एक सूचना चालवत पुढे जायचं तर फ्लॅग्जमधला ट्रॅप फ्लॅग, म्हणजे बिट ८, चालू करावा लागतो, पण तो कर्नलने स्वतः डिबगरसाठी चालू केला असेल तर फ्लॅग्ज दाखवताना तो बिट गुपचूप शून्य करून दाखवतात, कारण प्रोग्रॅमने तो लावलेलाच नव्हता. उलट्या बाजूनेही पहारा असतोच. इंटरप्ट बंद करायचा फ्लॅग डिबगरने बदलून बघितला तर कर्नल तेवढा बिट सोडून बाकीचं लिहितं, आणि कोड सेगमेंटमध्ये, म्हणजे चालू कोडचा दर्जा सांगणाऱ्या रजिस्टरमध्ये, कर्नलच्या दर्जाचा आकडा घुसवायचा प्रयत्न केला तर सरळ एरर. हे नसतं तर डिबगर म्हणजे कर्नलमध्ये शिरायचा राजमार्गच झाला असता.

दुसऱ्या प्रोसेसरवर गेलं की खान्यांची मांडणी पार बदलते. ६४ बिट आर्मवर ३१ रजिस्टर्स, मग स्टॅक पॉइंटर, प्रोग्रॅम काउंटर आणि स्थिती, एकूण २७२ बाइट्स. रिस्क-फाइव्हवाल्यांनी तर छान शक्कल लढवलीये, तिथलं एक्स० हे रजिस्टर कायम शून्यच असतं, त्याला जागा देऊन करायचं काय, म्हणून त्या पहिल्या खान्यात त्यांनी प्रोग्रॅम काउंटर बसवून टाकला.

खरी पंचाईत झाली ती मोठ्या रजिस्टर्समुळे. एकदम बरेच आकडे हाताळणाऱ्या एव्हीएक्स-५१२ ची ३२ रजिस्टर्स प्रत्येकी ६४ बाइट्सची, म्हणजे तीच २ केबी झाली, आणि आर्मच्या तशाच एसव्हीईमध्ये तर रजिस्टरची लांबी चिपनुसार १२८ बिटपासून २०४८ बिटपर्यंत काहीही असू शकते, मग ठरावीक मापाचं स्ट्रक्चर पुरणार कसं. यावर लिनक्सने काढलेला उपाय म्हणजे रेगसेट. रजिस्टर्सचे गट पाडायचे, प्रत्येक गटाला एक नंबर, आणि डिबगरने नंबर, रिकामी जागा आणि तिची लांबी द्यायची, कर्नल मावेल तेवढं भरतं आणि किती भरलं ते सांगतं. पीट्रेसमध्ये ही सोय २.६.३४ आवृत्तीत, म्हणजे २०१० मध्ये आली. प्रोग्रॅम कोसळल्यावर जी कोअर फाइल पडते तिच्यातली रजिस्टर्सही याच गटांवरून आणि त्याच नंबरांनी लिहिली जातात, त्यामुळे जिवंत प्रोग्रॅम काय आणि मेलेला काय, डिबगरला वाचायला सारखंच.

आणि कर्नल स्वतःच आपटलं तर? तेव्हा लॉगमध्ये जो ऊप्स नावाचा एरर अहवाल छापला जातो त्यातही पीटी_रेग्जच असतं. वरच्या भागात आरआयपीच्या पुढे ००१० दिसेल, हा कोड सेगमेंटचा आकडा, त्याचे शेवटचे दोन बिट शून्य म्हणजे गडबड झाली तेव्हा कर्नलचा कोड चालू होता. कॉल ट्रेसच्या, म्हणजे कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं त्या यादीच्या, खाली बऱ्याचदा रजिस्टर्सचा आणखी एक संच असतो आणि तिथे ००३३ असतं, शेवटचे दोन बिट ३, म्हणजे साध्या प्रोग्रॅमची रजिस्टर्स, स्टॅकच्या वरच्या टोकाला ठेवलेली तीच. तिथे ओरिग_आरएएक्सही छापलेलं असतं, हेक्समध्ये, १ असेल तर राईट, १० असेल तर दशमानात १६ म्हणजे आयओकंट्रोल, म्हणजे प्रोग्रॅमने कर्नलकडे नेमकं काय मागितलं होतं ते तिथेच वाचता येतं, कितीतरी जण तिथपर्यंत स्क्रोलच करत नाहीत.