गोफण आणि मचाण

गोव्यात दाबोळीला, नौदलाच्या ‘हंसा’ तळावर, विमानवाहू नौकेचा एक तुकडा जमिनीवरच बांधून ठेवला आहे. पुढच्या बाजूला वर वळत जाणारा चढ, मागच्या बाजूला विमान अडवणाऱ्या पोलादी तारा. जानेवारी २०२२ मध्ये फ्रान्सहून आलेले राफेल-एम हे लढाऊ विमान या चढावरून उडवून पाहिले गेले. काही महिन्यांनी अमेरिकेचे सुपर हॉर्नेट आले, तेही उडाले. दोन्ही विमाने आपापल्या देशात नौकांवरूनच उडतात, मग पुन्हा परीक्षा कसली? तर तिकडे त्यांना उडताना कोणीतरी गोफणीतल्या दगडासारखे भिरकावून देते. आपल्या विक्रांतवर गोफणच नाही.

ही गोफण म्हणजे कॅटापल्ट. अमेरिकेच्या निमिट्झ वर्गाच्या नौकांवर डेकखाली वाफेचे लांबलचक सिलिंडर असतात. विमानाचे पुढचे चाक त्यात अडकवतात आणि साधारण ९०-९५ मीटरमध्ये, दोन-तीन सेकंदांत, ते ताशी २५० किलोमीटरच्या पुढे फेकले जाते. विमान जड असो, इंजिन जरा कमी ताकदीचे असो, गोफण सांभाळून घेते.

विक्रांतवर हे काम विमानाने स्वतःच करायचे. सगळी नौका २६२ मीटर लांब. त्यातली धावायला मिळणारी जास्तीत जास्त लांबी २०० मीटरच्या आसपास. विमानाची चाके ठोकळ्यांनी अडवून धरतात, इंजिने पूर्ण जोरात आणतात, आणि मग ठोकळे खाली जातात. ढोबळ गणित करून पाहू. विक्रांतवरच्या मिग-२९के या लढाऊ विमानाच्या दोन इंजिनांचा जोर मिळून सुमारे १८ टन. विमान २० टनांचे धरले आणि सगळे घर्षण वजा केले, तर दर सेकंदाला वेग ताशी २५ किलोमीटरने वाढतो. १८० मीटर धावल्यावर तो ताशी १८० किलोमीटर होतो. नौका २८ नॉट वेगाने वाऱ्यात तोंड खुपसून पळत असते, त्याचे आणखी ५० मिळवा. ताशी २३० झाले. भरलेल्या लढाऊ विमानाला हवेने पूर्ण तोलून धरायला हे पुरत नाही. सपाट डेक असता तर विमान सरळ पाण्यात.

इथे १४ अंशांचा चढ कामी येतो. या चढावरून सुटताना विमानाला वरच्या दिशेने सेकंदाला सुमारे १२ मीटरचा वेग मिळतो. ते अजून धड उडत नसते. फेकलेल्या चेंडूसारखे कमानीत चाललेले असते. पण चेंडूला इंजिन नसते, याला असते. कमान उतरणीला लागण्याआधीच्या त्या दोन-तीन सेकंदांत वेग आणखी ताशी ५०-७५ किलोमीटरने वाढतो आणि पंख भार उचलू लागतात. चढ म्हणजे उसना घेतलेला वेळ, दुसरे काही नाही. ही कल्पना ब्रिटिश नौदलातल्या डग्लस टेलर या अधिकाऱ्याची. ती पहिल्यांदा ज्या नौकांवर आली त्यांतली ‘हर्मिस’ फॉकलंडच्या युद्धात लढली आणि १९८७ मध्ये ‘विराट’ होऊन आपल्याकडे आली.

गंमत अशी की आपल्या पहिल्या, १९६१ च्या विक्रांतवर वाफेची गोफण होती. वजनाने ती आजच्या विक्रांतच्या निम्म्याहूनही कमी. तिच्यावरून उडालेल्या सी हॉक आणि अलिझे विमानांनी १९७१ मध्ये चितगाव आणि कॉक्स बझारवर हल्ले केले. त्या वेळी तिच्या एका बॉयलरला तडा गेला होता, त्यामुळे वेगही कमी आणि डेकवर समोरून येणारा वाराही कमी, तरी तिने विमाने उडवली. पुढे ऐंशीच्या दशकात थोडक्या जागेत उडणारी आणि उभी उतरणारी सी हॅरियर विमाने आल्यावर गोफण काढून चढ बसवला गेला. मुंबईत संग्रहालय म्हणून उभी असताना लोकांनी पाहिली ती हीच चढ असलेली विक्रांत.

मग नव्या नौकेवर गोफण का नाही? सरळ कारण हे की नवी विक्रांत चार गॅस टर्बाइनांवर चालते. बॉयलर नाहीत, तर गोफणीला लागणारी वाफ आणायची कुठून? विजेच्या चुंबकीय जोरावर चालणारी नवी गोफण अमेरिकेने ‘जेराल्ड फोर्ड’वर बसवली, पण ही नौका सेवेत आली २०१७ मध्ये, विक्रांतचा कणा २००९ मध्येच घातला गेला होता. अशी गोफण चालवायची तर अणुभट्टीच हवी, असा एक समज आहे. चीनच्या ‘फुजियान’ने तो खोटा ठरवला. तिच्यावर अणुभट्टी नाही, चुंबकीय गोफण मात्र आहे. ब्रिटिशांनीही २०१० मध्ये आपल्या नव्या नौकांसाठी गोफणीचा विचार केला आणि खर्च पाहून दोन वर्षांत सोडून दिला. म्हणून त्यांच्याकडे उभी उतरू शकणारी एफ-३५बी लढाऊ विमाने आली. त्यांतलेच एक जून २०२५ मध्ये तिरुअनंतपुरमला उतरले आणि बिघाडामुळे पाच आठवडे तिथेच बसून राहिले. त्यावर केरळच्या पर्यटन खात्याने केलेले विनोद अनेकांना आठवत असतील.

इथवर वाटेल की गोफण नसल्याचा तोटा एवढाच: विमान थोडे कमी इंधन, थोडी कमी शस्त्रे घेऊन उडते. तो तोटा आहेच. पण खरा तोटा दुसरीकडे आहे, आणि विमानवाहू नौकेच्या संरक्षणाबद्दल बोलताना तो बहुधा सुटून जातो.

जोंधळ्याची राखण करणाऱ्याला गोफण लागते, तसे मचाणही लागते. जमिनीवर उभे राहून कणसांपलीकडचे काही दिसत नाही. समुद्रावर तीच अडचण पृथ्वीच्या गोलाईची. नौकेच्या डोलकाठीवर ३० मीटर उंचीवर रडार आहे असे धरा. लाटांवरून अवघ्या ५ मीटर उंचीने येणारे क्षेपणास्त्र त्याला किती दूरवरून दिसेल? सुमारे ३२ किलोमीटर. त्याआधी ते क्षितिजाच्या आड असते. रडार कितीही ताकदीचे असले तरी फरक पडत नाही. ब्राह्मोससारखे ध्वनीच्या जवळपास तिप्पट वेगाने येणारे क्षेपणास्त्र हे अंतर अर्ध्या मिनिटात कापते. तेवढ्यात ते ओळखायचे, आपले नाही याची खात्री करायची, लक्ष्य ठरवायचे आणि आपले क्षेपणास्त्र सोडायचे. पहिले चुकले, तर दुसऱ्याला वेळ नाही. संरक्षणासाठी असलेल्या बराक-८ क्षेपणास्त्राचा पल्ला ७० किलोमीटरहून जास्त आहे, पण लाटांना चिकटून येणारी वस्तू नौकेच्या डोळ्यांना ३२ वरच दिसत असेल, तर उरलेला पल्ला कागदावरच राहतो.

आता तेच रडार ३,००० मीटर उंच न्या. तेच क्षेपणास्त्र २३५ किलोमीटरवरून दिसू शकते. अर्ध्या मिनिटाची जवळजवळ चार मिनिटे होतात. या युद्धात चार मिनिटे म्हणजे चैन.

आपल्याकडे हे मचाण म्हणजे कामोव्ह-३१ हेलिकॉप्टर. आकाशात गेल्यावर ते पोटाखालून एक मोठी चपटी अँटेना उघडते आणि ती गोल फिरत राहते. पाहायला मजेशीर, कामाला चोख. पण हेलिकॉप्टर ते हेलिकॉप्टरच. फार उंच जात नाही, सावकाश चालते आणि दोन-अडीच तासांत परत यावे लागते. अमेरिकी आणि फ्रेंच नौकांवर याच कामाला ई-२ हॉकआय हे पाठीवर भलीमोठी तबकडी घेतलेले पंख्यांचे विमान असते. ते दुपटीहून अधिक उंचीवर राहते, जास्त वेळ थांबते, आणि त्यातली माणसे लढाऊ विमानांना आकाशातूनच दिशा देतात. असे जड, मंद विमान नौकेवरून उडवायला गोफण लागते. गोफणीविना मचाण ठेंगणे राहते, आणि नौकेची सुरक्षितता अखेर मचाणाच्या उंचीवर ठरते. चीनने फुजियानवर गोफण बसवली आणि सोबत हॉकआयसारखेच केजे-६०० विमान तयार केले, ते उगाच नव्हे.

बाकीचे कवच ओळखीचे आहे. विमानवाहू नौका कधी एकटी फिरत नाही. भोवती विनाशिका असतात, आणि आपल्या बाबतीत त्यांतल्या बऱ्याच मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या: कोलकाता, कोची, चेन्नई, विशाखापट्टणम, मोरमुगाव. प्रत्येकीवर बराक-८. एवढ्यातूनही काही निसटून आले तर मिनिटाला चार-पाच हजार गोळ्या झाडणाऱ्या एके-६३० तोफा. ती शेवटची कुंपणाची तार. तिथवर वेळ येणे म्हणजे आधी बरेच काही चुकलेले असते.

सगळ्यात जुने संरक्षण मात्र पळणे आणि लपणे. २८ नॉटने पळणारी नौका तासाभरात ५२ किलोमीटर जाते, कुठल्या दिशेने ते शत्रूला माहीत नसते. म्हणजे तासापूर्वीचा उपग्रहाचा फोटो हाती असला तरी शोधायचे क्षेत्र सुमारे ८,५०० चौरस किलोमीटर, गोव्याच्या दुपटीहून जास्त. १९७१ मध्ये पाकिस्तानची गाझी पाणबुडी विक्रांतला शोधत विशाखापट्टणमला आली. विक्रांत तेव्हा अंदमानात होती. व्हाइस अ‍ॅडमिरल कृष्णन यांनी ती विशाखापट्टणमलाच आहे असे भासवणारे संदेश मुद्दाम पसरवले होते. गाझी तिथेच बुडाली. कशामुळे, यावर दोन्ही देशांचे अजून एकमत नाही. पाणबुडीची भीती आजही कमी झालेली नाही. स्वीडनची ‘गोटलंड’ ही छोटी डिझेल पाणबुडी २००५ मध्ये सरावात ‘रोनाल्ड रेगन’ या अमेरिकी विमानवाहू नौकेच्या सगळ्या पहाऱ्यातून आत शिरली आणि फोटो काढून परत गेली. आपल्या नौदलाने एमएच-६०आर हेलिकॉप्टरे घेतली ती मुख्यतः यासाठीच. ती समुद्रावर एका जागी तरंगत पाण्यात सोनार, म्हणजे आवाजावरून पाणबुडी शोधणारे यंत्र, सोडतात आणि कान देऊन ऐकतात.

गर्दीत काय होते तेही ताजे आहे. डिसेंबर २०२४ मध्ये तांबड्या समुद्रात अमेरिकेच्या ‘हॅरी ट्रुमन’ या विमानवाहू नौकेचे सुपर हॉर्नेट तिच्याच ताफ्यातल्या क्रूझरने शत्रूचे समजून पाडले. एप्रिल २०२५ मध्ये दुसरे ओढून नेताना समुद्रात पडले. येमेनमधल्या हुथी बंडखोरांचा मारा चुकवायला नौकेने जोराचे वळण घेतले होते, असे तेव्हाच्या बातम्यांत आले. आठवडाभरानंतर तिसरे गेले, कारण उतरताना त्याला अडवणारी यंत्रणा निकामी झाली.

या तारांची गोष्ट उडण्याइतकीच विलक्षण आहे. उतरणाऱ्या विमानाचा हुक विक्रांतवरच्या तीन तारांपैकी एकीत अडकावा लागतो. अडकला की विमान तीनेक सेकंदांत, शंभर मीटरच्या आत थांबते. आसनाचे पट्टे नसते तर वैमानिक काचेवरच आपटला असता. आणि चाके डेकला टेकली की वैमानिक इंजिन मंद करत नाही, पूर्ण जोरात आणतो. हुक चुकला तर पुढे लगेच पाणीच असते, म्हणून उडायची तयारी आधीच ठेवायची. जानेवारी २०२० मध्ये विक्रमादित्य या आपल्या दुसऱ्या विमानवाहू नौकेवर नौदलाचे तेजस पहिल्यांदा उतरवले ते कमोडोर जयदीप मावळंकर यांनी. हे तेजस शेवटी नौदलाच्या गरजेला लहान पडले, पण त्यावर शिकलेले वाया गेलेले नाही.

एप्रिल २०२५ मध्ये भारताने २६ राफेल-एम चा करार केला. राफेलचे पंख दुमडत नाहीत. मिग दुमडलेले पंख घेऊन विक्रांतच्या लिफ्टमधून खाली हँगरमध्ये जाते. राफेलचा पंखविस्तार १०.९ मीटर, म्हणजे तिथे इंच इंच मोजावा लागणार. आणखी एक बारीक गोष्ट. २६ पैकी ४ विमाने दोन आसनांची आहेत, आणि ती नौकेवर उतरू शकत नाहीत. प्रशिक्षण सगळे जमिनीवर. त्यामुळे एखादा तरुण वैमानिक राफेल घेऊन ज्या दिवशी पहिल्यांदा खऱ्या, हलत्या डेकवर उतरेल, त्या दिवशी त्याच्यामागच्या आसनावर सांगणारे कोणी नसेल. त्याआधी पुन्हापुन्हा घोटून घ्यायला असेल ती दाबोळीची जमिनीवरची नौका.