पार्श्वभूमी: बोतियोच्या पिशवीत हाड किती?

स्पेनच्या वायव्येकडील लेऑन प्रांतातल्या बिएर्थो खोऱ्यात डुक्कर कापण्याचा हंगाम ११ नोव्हेंबरच्या, म्हणजे संत मार्टिनच्या सणाच्या आसपास सुरू व्हायचा. मांड्या हॅमसाठी मिठात जायच्या, चांगलं मांस चोरिथो या मसालेदार सॉसेजात. मागे राहायच्या मांस चिकटलेल्या बरगड्या, शेपूट, जीभ आणि कण्याचे तुकडे. त्यांना मीठ, लसूण आणि लाल मिरचीची पूड चोळून ते मोठ्या आतड्याच्या तोंडाशी असलेल्या पिशवीत ठासून भरायचे आणि धुरावर टांगायचे. हाच बोतियो.

त्याचं मूळ मध्ययुगीन मठांत असल्याचं तिथे अभिमानाने सांगतात. आजचा त्याचा लाल रंग मात्र तितका जुना असू शकत नाही, कारण मिरची अमेरिकेतून स्पेनमध्ये आली ती १४९२ नंतर. तीच मिरची पुढे पोर्तुगीजांबरोबर गोव्याच्या चोरिसातही पोचली.

बोतियो घराबाहेर पडला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. कोळसा खाणींच्या पट्ट्यातल्या बेंबिब्रे गावात त्याच्या नावाने हिवाळी महोत्सव भरू लागला, बाहेरचे पाहुणे येऊ लागले. गिऱ्हाईक वाढलं तसा प्रश्न आला की बोतियो म्हणायचं तरी कशाला? शेजारच्या गॅलिसियात आणि पोर्तुगालच्या ईशान्येकडे ‘बुतेलो’ आहे, अस्तुरियासच्या तिनेओत ‘चोस्को’ आहे. सगळे पिशवीत ठासून भरलेले, सगळे धुरावलेले. चोस्कोत मात्र पाठीचं मऊ मांस आणि जीभ असते, हाड नसतं.

युरोपीय भौगोलिक संकेत, म्हणजे ठराविक प्रदेशातल्या पदार्थाच्या नावाला मिळणारं कायदेशीर संरक्षण, मिळवताना हा प्रश्न आकड्यांत सोडवला गेला. बरगड्या ६५ ते ९० टक्के, शेपूट १० ते २० टक्के. जीभ, गाल, खांदा, कणा मिळून जास्तीत जास्त २० टक्के. धूर ओकच्या लाकडाचाच. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. शहरी ताटाला हाड नको असतं, आणि बाजाराच्या मर्जीवर सोडलं असतं तर बोतियोचा साधा सॉसेज व्हायला वेळ लागला नसता. फडक्यात बांधून दोनेक तास मंद उकळला की बरगड्यांचा अर्क पाण्यात उतरतो आणि त्याच पाण्यात बटाटे नि कोबी शिजतात. हाड काढलं तर त्या पाण्यात उरतं काय? नुकसान झालं ते घराघरांतल्या वेगळेपणाचं. कुणी कणा जास्त घालायचं, कुणी शेपूट. विक्रीच्या बोतियोत आता ती मोकळीक नाही.

एक बाजू मात्र लंगडी राहिली. या प्रकारच्या संकेतात उत्पादनाचा निदान एक टप्पा त्या प्रदेशात व्हावा लागतो. डुक्कर तिथेच वाढलेलं असावं अशी सक्ती नसते. भरणं, धुरावणं, सुकवणं बिएर्थोचं, पण जनावराचा गाव कोणता हे लेबलावरून कळत नाही. आपलं खोरं जपायला निघालेल्यांनी हा मुद्दा सोडायला नको होता.

२०१८ च्या अखेरीस स्पेनमधल्या कोळसा खाणींचं अनुदान संपलं आणि बिएर्थोतल्या खाणींचा कारभारही आटोपला. २०२० मध्ये तिथलं कोंपोस्तिया औष्णिक वीज केंद्रही थंडावलं. आता खोऱ्याच्या रोजगाराच्या चर्चेत बोतियो येतो तो द्राक्षं, सफरचंद आणि भाजलेल्या ढोबळ्या मिरच्यांच्या जोडीने.