नॉकआउट कमी म्हणून बॉक्सर कमी?

येळ्ळूर असो, खानापूर असो, सीमाभागातल्या मैदानात पाठ टेकली की कुस्ती निकाली. चितपटीवर तयार झालेली आपली नजर बॉक्सिंगमध्येही आधी नॉकआउट शोधते. त्या मापाने ठोसे चुकवण्यात तरबेज असलेले विली पेप, निकोलिनो लोचे आणि पर्नेल व्हिटेकर मागे पडतात, आणि हे मला अजिबात पटत नाही.

1940 च्या दशकातला अमेरिकन विजेता पेप : 229 विजय, त्यांत नॉकआउट 65. अर्जेंटिनाचा लोचे : 117 विजय, नॉकआउट अवघे 14. 1984 च्या ऑलिम्पिकचा सुवर्णविजेता व्हिटेकर : 40 विजय, नॉकआउट 17.

ठोशाचं बळ दंडात नसतं. मागचा पाय जमीन रेटतो, तो जोर कमरेच्या पिळातून खांद्यात आणि तिथून मुठीत उतरतो. अंगाचं वजन ठोशामागे जितकं लावाल तितका तो जड. पण तेवढाच तोल पुढे जातो आणि सावरेपर्यंत माणूस उघडा पडतो. या तिघांनी तोल सोडला नाही, म्हणून ठोसा हलका राहिला.

आता चुकवण्याचं बघा. 1985 साली ब्रिटनमध्ये हेवीवेट फ्रँक ब्रुनोचा ठोसा मोजला गेला : वेग सेकंदाला 8.9 मीटर, बळ 4096 न्यूटन. या वेगाने अर्धा मीटर कापायला सेकंदाचा सतरावा-अठरावा भाग पुरतो. डोळ्यांनी पाहून अंग हलवायला मात्र साधारण पाचवा भाग लागतो. म्हणजे मूठ बघून कुणीच वाचू शकत नाही. समोरच्याचा खांदा किंचित उचलला, टाचेवरचा भार सरकला, एवढ्यावरून येणारा ठोसा आधीच ओळखावा लागतो.

शिवाय हुकलेला ठोसा मारणाऱ्यालाच दमवतो. लागलेला हात समोरच्याच्या अंगावर थांबतो. हुकलेला हात स्वतःच्या स्नायूंनी आवरावा लागतो. 12 डिसेंबर 1968 ला टोकियोत लोचेने पॉल फुजीला असंच झुलवलं. जगज्जेता फुजी दहाव्या फेरीसाठी स्टुलावरून उठलाच नाही!

काळाची तुलना अवघड आहे, हे खरं. पेप 241 लढती खेळला, व्हिटेकर 46. पेप-लोचेच्या काळात विजेतेपदाच्या लढती 15 फेऱ्यांच्या, व्हिटेकरच्या 12 च्या. पंधराव्या फेरीपर्यंत पाय हलके ठेवणं ही वेगळीच कसोटी. तरीही माझ्या मते तिघांत पहिला व्हिटेकर. पेपला सँडी सॅडलरसारख्या जबर ठोशाच्या माणसाने चारपैकी तीनदा हरवलं. डावखुऱ्या व्हिटेकरने 10 सप्टेंबर 1993 ला, सलग 87 लढती जिंकून आलेल्या हुलिओ सेसर चावेझला 12 फेऱ्या नीट सापडूच दिलं नाही. पंचांनी लढत बरोबरीत सोडवली. बहुतेक जाणकार ती आजही व्हिटेकरनेच जिंकली असं मानतात, आणि मीही.