पार्श्वभूमी : ‘टाळेबंदी’ नावाचा घोळ

करोनाकाळातले सरकारी धोरण बरोबर होते की चुकीचे, हा वाद निघाला की एक गंमत हमखास होते. एक जण म्हणतो, लॉकडाऊन नसते तर प्रेतांचा खच पडला असता. दुसरा म्हणतो, लॉकडाऊननेच माणसे मेली. दोघेही तावातावाने बोलतात आणि वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलतात. एकाच्या डोळ्यांपुढे मार्च २०२० असतो, दुसऱ्याच्या एप्रिल २०२१. एक केंद्राच्या आदेशाबद्दल बोलत असतो, दुसरा राज्याच्या, आणि तिसऱ्याच्या मनात सोसायटीच्या गेटवर चिकटवलेली ‘कामवाल्या बायकांना प्रवेश बंद’ ही नोटीस असते. तिला तर कुठल्याच कायद्याचा आधार नव्हता.

घोळ शब्दापासूनच आहे. वृत्तपत्रांनी पहिल्या काही दिवसांतच लॉकडाऊनचे मराठी ‘टाळेबंदी’ करून टाकले. शब्द सोपा होता, चपखल वाटला, रुळला. पण तो कोरा नव्हता. गिरणगावात, पिंपरी-चिंचवडला किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यात वाढलेल्या माणसाला टाळेबंदी म्हणजे काय ते आधीपासून माहीत होते: मालकाने गेटला कुलूप घालून कामगारांना बाहेर ठेवणे. संप कामगारांचा, टाळेबंदी मालकाची. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात तिची व्याख्या होती. रेल्वे, वीज, पाणी अशा लोकोपयोगी सेवेत टाळेबंदी करायची तर मालकाने आधी नोटीस द्यायची आणि नोटिशीनंतर १४ दिवस थांबायचे, असे त्या कायद्याचे २२ वे कलम सांगत असे. टाळेबंदी बेकायदा ठरली तर कामगार त्या दिवसांचा पगार मागू शकत असे. म्हणजे जुन्या टाळेबंदीला व्याख्या होती, मुदत होती, आणि कुलूप लावणाऱ्यावर काही देणे होते. नव्या टाळेबंदीत माणूस बाहेरच्याऐवजी आत कोंडला गेला आणि बाकीच्या तिन्ही गोष्टी वाटेत गळाल्या.

२०२० मध्ये देशातल्या कुठल्याही कायद्यात ‘लॉकडाऊन’ हा शब्द नव्हता. वापरले गेले ते तीन वेगळे कायदे: १८९७ चा साथरोग कायदा, २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आणि फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १४४. पहिला राज्यांच्या हातातला, दुसरा केंद्राच्या, तिसरा जिल्हाधिकारी-पोलीस आयुक्तांच्या. सार्वजनिक आरोग्य हा राज्यघटनेनुसार राज्यांचा विषय. रोग एका राज्यातून दुसऱ्यात पसरू नये एवढ्यापुरता तो समवर्ती सूचीत येतो. आपत्ती हा विषय तर कुठल्याच सूचीत नाही. तरी देशभराचा आदेश आपत्तीच्याच कायद्याखाली निघाला, आणि तो कायदा लिहिला गेला होता त्सुनामीनंतरच्या वर्षी.

१८९७ ची गोष्ट मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. मांडवीतला प्लेग, पुण्यात घरोघर शिरलेले सोजीर, गणेशखिंडीतली २२ जूनची रात्र हे सगळे शाळेपासून माहीत असते. सहसा सुटते ते कायद्याचे स्वरूप. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी मंजूर झालेला तो कायदा अवघ्या चार कलमांचा होता. सरकारला वाटेल ते तात्पुरते नियम करावेत, ते मोडणाऱ्याला भारतीय दंड संहितेच्या १८८ व्या कलमाखाली शिक्षा व्हावी, आणि या कायद्याखाली सद्हेतूने काम करणाऱ्यावर दावा लावता येऊ नये, एवढाच त्याचा गाभा. ‘धोकादायक साथरोग’ म्हणजे काय, याची व्याख्या नाही. ज्याला घरातून उचलून छावणीत नेले त्याला सरकार काय देणे लागते, यावर एक ओळ नाही.

तेव्हाचा वादही आज आठवतो तितका सरळ नव्हता. पुण्यातल्या टीकाकारांचा आक्षेप मुख्यतः झडतीच्या रीतीवर होता. रोग्याला वेगळे ठेवू नये, असे त्यांचे म्हणणे नव्हते. ‘केसरी’च्या संपादकांनी शहर सोडून पळालेल्या पुढाऱ्यांनाही झोडपले होते आणि प्लेगच्या रुग्णांसाठी रुग्णालय उभारण्यात ते स्वतः होते. मुंबईत मार्च १८९८ मध्ये दंगल उसळली, त्यानंतर सक्ती हळूहळू सैल झाली. गावोगावचे लोक तसेही साथ आली की गाव रिकामे करून माळावर झोपड्या घालून राहत. ती त्यांची स्वतःची रीत होती, आणि पुढे सरकारनेही तिच्यावरच भर दिला. थोडक्यात, १८९७ चे धोरण सरकारने स्वतःच सोडून दिले. कायदा मात्र ठेवला.

१९१८ च्या इन्फ्लुएन्झात देशात एक कोटीहून अधिक माणसे गेली, आणि तेव्हा सरकारवर ठपका आला तो उलट कारणाने, फारसे काही न केल्याचा. २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू ३ ऑगस्टला पुण्यात झाला. तेव्हाही साथरोग कायदा पुण्यात लागू झाला, शाळा आणि चित्रपटगृहे काही दिवस बंद राहिली. त्याला कोणी टाळेबंदी म्हटले नाही. पुणेकर तोंडाला रुमाल बांधून कामावर जात राहिले.

आता २०२०. महाराष्ट्राने १३ मार्चला मुंबई, नवी मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवड आणि नागपूरसाठी साथरोग कायदा लागू केला. २० तारखेला मोठ्या शहरांतली दुकाने आणि कार्यालये महिनाअखेरपर्यंत बंद ठेवण्याची घोषणा झाली. २२ ला जनता कर्फ्यू. २३ च्या पहाटे जमावबंदी. लोक तरी रस्त्यावर दिसले म्हणून त्याच संध्याकाळी संचारबंदी, आणि जिल्ह्यांच्या सीमा बंद. २४ ला रात्री आठ वाजता, पाडव्याच्या आदल्या रात्री, देशभराची टाळेबंदी. दोन दिवसांत तीन ‘बंदी’. किराणा दुकानापुढे रांगेत उभ्या माणसाला या तिन्हींतला फरक सांगणारे कोणी नव्हते, आणि कायद्यातही तो फारसा सापडत नाही. कलम १४४ मध्ये ‘कर्फ्यू’ हा शब्द नव्हता, ‘लॉकडाऊन’ही नव्हता.

यातला सर्वांत वादग्रस्त निर्णय म्हणजे २४ तारखेच्या घोषणेनंतर रात्री बारापर्यंत दिलेली चार तासांची मुदत. ‘चार तास’ हे शब्द त्यानंतर घोषणेसारखे वापरले गेले. पण मुंबई-पुण्यापुरते पाहिले तर दार त्याआधीच लागले होते. प्रवासी गाड्या आणि लोकल २२ च्या मध्यरात्रीपासून बंद झाल्या. त्याआधीचे दोन-तीन दिवस कुर्ला टर्मिनस आणि पुणे स्टेशनवर गावी निघालेल्या मजुरांची रीघ होती. ज्यांना वाऱ्याची दिशा कळली ते निघाले. उरलेल्यांना २४ च्या भाषणानंतर चार तास मिळाले असते किंवा चाळीस, तरी बसायला गाडीच नव्हती. तेव्हा मुदत किती तासांची होती यापेक्षा दोन दिवसांपूर्वी रेल्वे थांबवताना या माणसांचा विचार झाला होता का, हा प्रश्न जास्त टोकदार आहे. वादात तो क्वचित येतो, कारण ‘चार तास’ सांगायला सोपे.

निर्णयाच्या बाजूने बोलणारे सांगतात की आधी सांगितले असते तर स्थानकांवर चेंगराचेंगरी झाली असती आणि रोग गर्दीबरोबर गावोगाव गेला असता. यात तथ्य आहे, पण अर्धेच. त्या दिवशी देशभरात नोंदलेले रुग्ण पाचशेच्या आसपास होते. श्रमिक गाड्या १ मे रोजी सुरू झाल्या तेव्हा आकडा ३५ हजारांच्या घरात पोचला होता. मधले पाच आठवडे ही माणसे दहा बाय दहाच्या खोल्यांत आठ-दहा जण, सार्वजनिक संडासाच्या रांगेत, म्हणजे मुंबईत साथ सर्वांत वेगाने फिरत होती त्याच वस्त्यांत कोंडून राहिली. मग ती गावी गेली. म्हणजे जी भीती दाखवून त्यांना थांबवले तीच गोष्ट जास्त रुग्ण असताना घडली. टाळेबंदी हवीच होती असे मानणाऱ्यांनीही या मुद्द्याला उत्तर द्यायला हवे. आजवर जी उत्तरे ऐकली ती ‘तेव्हा कोणालाच काही माहीत नव्हते’ या वाक्यापाशी थांबतात.

गाड्या सुरू झाल्यावरही त्या सर्वांपर्यंत पोचल्या नव्हत्या. जालन्याच्या स्टील कारखान्यातले मजूर भुसावळहून गाडी मिळेल म्हणून रुळांवरून चालत निघाले होते. रेल्वे बंद आहे अशा समजुतीने करमाडजवळ रुळांवरच झोपले, आणि ८ मेच्या पहाटे मालगाडीखाली सोळा जण गेले.

पगाराची गोष्ट या शब्दाच्या घोळाशी थेट जोडलेली आहे. २९ मार्चला केंद्राने आदेश काढला की बंद काळाचा पगार मालकांनी न कापता द्यावा आणि घरमालकांनी मजुरांकडून महिनाभर भाडे मागू नये. आदेश याच आपत्तीच्या कायद्याखालचा होता. मालक न्यायालयात गेले. त्यांचे म्हणणे, कुलूप आम्ही लावलेले नाही, मग भुर्दंड आम्हाला का? औद्योगिक अर्थाने ते बरोबरच होते, कारण ही टाळेबंदी त्यांची नव्हती. कुलूप सरकारचे आणि देणे मालकाचे, अशी ती विचित्र विभागणी होती. १७ मे रोजी आदेश मागे घेतला गेला. १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने मालकांवर सक्तीची कारवाई करू नका, दोघांनी बोलणी करून मिटवा, असे सांगितले. गावी पोचलेल्या आणि फोनचा रिचार्ज संपलेल्या मजुराने कोणाशी बोलणी करायची होती, कोण जाणे.

आपत्तीच्या कायद्यात १८९७ च्या कायद्यासारखी देण्याच्या बाबतीत पाटी कोरी नाही. त्याचे १२ वे कलम आपद्‌ग्रस्तांना किमान मदत देण्याबद्दल आहे. १४ मार्च २०२० रोजी केंद्राने करोनाला मदतनिधीपुरती ‘अधिसूचित आपत्ती’ ठरवले. पहिल्या पत्रात मृतांच्या वारसांना चार लाख रुपये होते. त्याच दिवशी सुधारित पत्र निघाले आणि चार लाख गेले. ३० जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलम ऐच्छिक नाही, बंधनकारक आहे, असे ठरवले, त्यानंतर रक्कम पन्नास हजार ठरली. सव्वा वर्ष देशाचे व्यवहार ज्या कायद्यावर चालले त्यातली अधिकारांची कलमे पहिल्या दिवसापासून वापरात होती. देण्याचे कलम वापरात यायला न्यायालयात जावे लागले.

राज्याकडे परतायचे तर मे २०२० च्या अखेरीस ‘पुनश्च हरिओम’ची घोषणा झाली. इंग्रजी नाव ‘मिशन बिगिन अगेन’. मराठी शब्द उचलला होता १८९९ च्या ‘केसरी’तल्या अग्रलेखाच्या मथळ्यावरून. त्या संपादकांना १८९७ मध्ये राजद्रोहाखाली तुरुंगात जावे लागले ते प्लेगच्या धामधुमीतल्या लिखाणामुळे. ज्या सालच्या कायद्याखाली राज्य बंद केले, त्याच सालच्या कैद्याचा मथळा घेऊन ते उघडले. हा योगायोग कोणाच्या लक्षात आला असेल की नाही, ठाऊक नाही.

२०२१ मध्ये राज्याने ‘लॉकडाऊन’ हा शब्द शक्य तितका टाळला. ‘कडक निर्बंध’ आणि ‘ब्रेक द चेन’ हे शब्द आले. घोषणा १३ एप्रिलला झाली, म्हणजे पुन्हा पाडव्यालाच. या वेळी अंमल दुसऱ्या दिवशी रात्री आठपासून होता आणि सोबत ५,४७६ कोटींचे पॅकेज होते. त्यात नोंदणीकृत बांधकाम कामगार, फेरीवाले आणि रिक्षाचालकांना दीड-दीड हजार, आणि मोफत शिवभोजन थाळी. दीड हजारात मुंबईत काय होते ते सांगायला नको, आणि ‘नोंदणीकृत’ या शब्दात किती जण गळतात तेही. तरीही बंद आणि देणे एकाच घोषणेत आले, हा वर्षभराच्या वादाचा परिणाम म्हणायला हरकत नाही.

दुसऱ्या लाटेत वाद दुसरीकडे वळला. टाळेबंदीने वेळ मिळतो, हे सगळ्यांना मान्य होते. मिळालेल्या वेळेत काय केले, यावर भांडण सुरू झाले. २१ एप्रिलला नाशिकमध्ये रुग्णालयाच्या ऑक्सिजन टाकीला गळती लागून वीसहून अधिक रुग्ण दगावले, तेव्हा जंबो सेंटरमधल्या खाटांचे आकडे कोणी ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत नव्हते. जूनमध्ये पॉझिटिव्हिटी दर आणि भरलेल्या ऑक्सिजन खाटा यांवर जिल्ह्यांचे पाच स्तर ठरले. मोजता येईल असा निकष लोकांपुढे ठेवून राज्य उघडण्याची ही पहिली खेप. त्याआधी एका मंत्र्याने हे जाहीर केले आणि काही तासांत सरकारनेच ‘असे काही ठरलेले नाही’ म्हणून खुलासा केला, तो भाग सोडून देऊ.

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राच्या विधी आयोगाने १८९७ चा कायदा अपुरा असल्याचा अहवाल दिला. त्याच वर्षी १ जुलैला दंड संहितेचे कलम १८८ जाऊन न्याय संहितेचे २२३ आले.

पण दोन्ही टाळेबंद्या एकाच जागी, शेजारी-शेजारी आल्या त्या सप्टेंबर २०२० च्या संसद अधिवेशनात. साथरोग कायद्यात दुरुस्ती झाली. आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कैद आली, केंद्राचे अधिकार वाढले. साथीची व्याख्या आली नाही, बंदची मुदत आली नाही, कोंडलेल्यांचे देणेही आले नाही. त्याच आठवड्यात औद्योगिक संबंध संहिता मंजूर झाली. तिच्यात टाळेबंदीआधीची १४ दिवसांची नोटीस, जी तोवर फक्त लोकोपयोगी सेवांना लागू होती, ती सरसकट सगळ्या कारखान्यांना लागू केली गेली.