बुडती खासगी बँक कुणाच्या गळ्यात?

बुडायला लागलेल्या खासगी कंपन्यांना सरकारने हात द्यावा का, यावरून अमेरिकेत २००८ साली ७०० अब्ज डॉलरच्या पॅकेजने रान उठवलं. साताऱ्यात हा प्रश्न त्याच्या दोन वर्षं आधीच येऊन गेला होता. फक्त त्यावर ना विधेयक आलं, ना मतदान झालं.

२ सप्टेंबर २००६. ऐन गणपतीत रिझर्व्ह बँकेने युनायटेड वेस्टर्न बँकेचे व्यवहार गोठवले. १९३६ सालची, साताऱ्यात मुख्यालय असलेली ही खासगी बँक. बुडीत कर्जांनी तिचं भांडवल खाल्लं होतं. ठेवीदाराला खात्यातून १० हजारांपलीकडे रक्कम काढता येईना; मग कुणाचा पगार अडकला, कुणाचं लग्नासाठी ठेवलेलं. महिनाभरात, ३ ऑक्टोबरला, बँक सरकारी मालकीच्या आयडीबीआयमध्ये विलीन झाली. ठेवी शाबूत राहिल्या, हे चांगलंच झालं. ठेव विमा तेव्हा १ लाखापुरताच होता आणि बँक अवसायनात, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवायच्या प्रक्रियेत, गेली असती तर वरच्या रकमेसाठी वर्षानुवर्षं खेटे घालावे लागले असते. पण भागधारकांनाही शेअरमागे २८ रुपये मिळाले. ते मला आजही पटत नाही. नफ्याच्या वर्षी लाभांश घेणाऱ्याने बुडताना झळ सोसायला नको?

ही वाट पडली १९६० मध्ये. त्या साली केरळची पलाई सेंट्रल बँक आणि अकोल्याची लक्ष्मी बँक कोसळली. त्यानंतर आजारी बँक दुसरीत सक्तीने विलीन करण्याची तरतूद कायद्यात आली. १९६२ पासून ठेव विमा आला, तोही सुरुवातीला १,५०० रुपयांचा.

कराडचा अनुभव जास्त कडू. रोख्यांचा पत्ता नसताना बँक रिसीट, म्हणजे रोखे विकल्याच्या पावत्या, देत सुटलेली बँक ऑफ कराड १९९२ च्या शेअर दलाल हर्षद मेहताच्या घोटाळ्यात अवसायनात निघाली आणि १९९४ मध्ये सरकारी बँक ऑफ इंडियाकडे गेली. सांगली बँकेचं तसं नाही. ती २००७ मध्ये खासगी आयसीआयसीआयने शेअरच्या अदलाबदलीत घेतली.

पुढे आयडीबीआयच आजारी पडली. २०१९ च्या जानेवारीत एलआयसीने तिचा ५१ टक्के हिस्सा घेतला, सप्टेंबरात सरकार आणि एलआयसीने मिळून आणखी ९,३०० कोटी ओतले. याचं खापर साताऱ्यावर फोडता येणार नाही; आयडीबीआयला बुडवलं ते बड्या उद्योगांच्या थकबाकीने. तरी पॉलिसीचे हप्ते भरणाऱ्या सातारकरांचा पैसाही त्यात होता, आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं.