मधुमेही मातेचे अर्भक

गर्भारपणात आईची रक्तशर्करा चढी राहिली, तर नवजात बाळाच्या चयापचयात काही ठरावीक बिघाड संभवतात. मधुमेह आधीचा असो वा गर्भारपणात उद्भवलेला (गर्भावधी), पहिल्या दिवसांतली देखरेख सारखीच असते. जन्मजात व्यंगांचा धोका मात्र मुख्यतः आधीच्या मधुमेहात आढळतो, कारण आठव्या आठवड्यापर्यंत बाळाचे बहुतेक अवयव घडलेले असतात.

अशा अर्भकाचे पहिले वर्णन सामान्यतः बेनेविट्झच्या बर्लिन येथील प्रबंधात (१८२४) मानतात. त्यातले मृत जन्मलेले बाळ सु. १२ पौंडांचे होते. त्या स्त्रीचा मधुमेह गर्भारपणापुरताच होता की आधीपासूनचा, हे एवढ्या जुन्या वर्णनावरून ठरवणे कठीण आहे. त्यामुळे गर्भावधी मधुमेहाच्या शोधाचे श्रेय बेनेविट्झला देताना सावधगिरी बरी. कार्यकारणाची मांडणी १९५० नंतर डॅनिश वैद्य पेडरसेन यांनी केली. साखर वारेतून बाळाकडे जाते, आईचे इन्शुलिन जात नाही. म्हणून बाळाचे स्वादुपिंड जादा इन्शुलिन बनवते. नाळ कापताच साखर थांबते, इन्शुलिन चढेच राहते आणि तास-दोन तासांत बाळाची शर्करा घसरते. फ्राइंकेल यांनी १९८० मध्ये अमिनो आम्ले व मेद यांनाही या कारणांत गोवले. ते योग्यच आहे, पण प्रसूतिकक्षातील व्यवहाराला पेडरसेन यांची मांडणी पुरते.

शर्करा किती खाली गेली की उपचार करावेत, यावर एकमत नाही. १०० मिलिलीटरला ४७ मिग्रॅ. हा आकडा अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या ब्रिटिश अभ्यासातून (१९८८) आला. पूर्ण दिवसांच्या बाळांना तो सरसकट लावणे पटत नाही. अमेरिकी बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०११ मध्ये लक्षणे नसलेल्या बाळासाठी पहिल्या चार तासांत २५ मिग्रॅ. आणि पुढे चोवीस तासांपर्यंत ३५ मिग्रॅ. अशा मर्यादा सुचवल्या. टाचेच्या रक्तावर ग्लुकोमीटरने घेतलेला आकडा रक्त दाट असल्यास खोटा कमी दिसतो, आणि या बाळांचे रक्त पुष्कळदा दाटच असते. म्हणून प्रयोगशाळेत खात्री करावी, पण त्यासाठी उपचार थांबवू नयेत. कॅल्शियम व मॅग्नेशियमची कमतरता, कावीळ, श्वासाचा त्रास आणि हृदयाच्या कप्प्यांमधल्या पडद्याची वाढलेली जाडी हे इतर बिघाड होत. पडद्याची जाडी बहुधा काही महिन्यांत ओसरते.

बडोद्यासारख्या ठिकाणी वजनावर विसंबणे घातक ठरते. पुण्यात याज्ञिक व सहकाऱ्यांना भारतीय नवजात बाळे वजनाने हलकी पण त्या मानाने मेद राखणारी आढळली. म्हणजे चार किलोंचे बाळ नाही म्हणून शर्करा तपासली नाही, असे होऊ नये. राष्ट्रीय मार्गदर्शनानुसार पहिल्या भेटीत व पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी आईची तपासणी होते. १४० मिग्रॅ. किंवा अधिक शर्करा म्हणजे गर्भावधी मधुमेह.

गायकवाडी काळापासून बडोद्यात स्थायिक झालेल्या मराठी घरांत मध चाटवण्याची रीत आहे, शेजारच्या गुजराती घरांत गळथूथीची, म्हणजे नवजाताला पहिला गोड घोट देण्याची. मधाने बाळाची साखर सावरते, ही समजूत सोडायला हवी. त्याने पहिले अंगावरचे दूध लांबते, शिवाय वर्षाच्या आत मधातून बॉट्युलिझमचा (जिवाणूच्या विषाने स्नायू लुळे पडण्याचा) धोका असतो. पहिल्या तासात चीक पाजणे हाच खरा उपाय. तेवढ्याने भागले नाही तर गालाच्या आत मोजून चोळलेले ४० टक्के डेक्स्ट्रोज (ग्लुकोज) जेल, आणि त्यापुढे शिरेतून १० टक्के डेक्स्ट्रोज.

अमेरिकेच्या अॅरिझोनातील पिमा या मूलनिवासी समाजात आईला मधुमेह झाल्यानंतर जन्मलेल्या मुलांत स्थूलता व मधुमेह त्यांच्याच आधीच्या भावंडांपेक्षा अधिक आढळले. त्यावरून केवळ आनुवंशिकतेने हे घडत नसून गर्भाशयातील परिस्थितीचाही त्यात वाटा असावा, असे मानले जाते.